नर्सेसना फ्लूच्या लशीची सक्ती: लस घ्यावी का, आणि लादावी का?

सिस्टर, तुमचं म्हणणं नीट वाचलं. तुम्ही एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, स्टाफ नर्स आहात. तुमच्या रुग्णालयाने नोव्हेंबरच्या सुरुवातीला पत्रक काढलं की महिनाअखेरपर्यंत फ्लूची लस घ्या, नाहीतर ड्युटी लावणार नाही आणि ते दिवस बिनपगारी धरू. लशीचे पैसेही पगारातून दोन हप्त्यांत कापणार. गेल्या डिसेंबरमध्ये तुम्ही लस घेतली होती, तरी ऑगस्टमध्ये तापाने अंथरूण धरलंत आणि तपासणीत फ्लूच निघाला. म्हणून तुम्ही विचारताय: जी लस घेऊनही फ्लू होतो तिची सक्ती कशासाठी? मास्क लावून काम केलेलं का चालू नये? आणि सुप्रीम कोर्टाने सक्ती करता येत नाही असं म्हटलंय ना?

मी मूळची मायक्रोबायॉलॉजिस्ट. पुण्यात बरीच वर्षं रुग्णालयातल्या संसर्ग नियंत्रणाचं काम करते आहे. स्टाफला फ्लूची लस देण्याची मोहीम दरवर्षी माझ्याकडेच असते. त्यामुळे मी लशीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. तरीही तुमच्या रुग्णालयाच्या या पत्रकाची बाजू मला घेता येत नाही. या वादात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकात कालवले जातात. तुम्ही लस घ्यावी का, हा एक. रुग्णालयाने पगार अडवून ती द्यावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसऱ्याचंही 'हो'च, असं व्यवस्थापन धरून चालतं. आणि दुसऱ्याचं 'नाही' वाटलं की स्टाफ पहिल्यालाही 'नाही' म्हणून मोकळा होतो. दोघांचंही चुकतं.

आधी तुमच्या ऑगस्टमधल्या तापाबद्दल बोलू, कारण खरी मेख तिथे आहे.

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. हा शेवटी अंदाज असतो. अंदाज बरा जुळला त्या वर्षी लस साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते, म्हणजे डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याची शक्यता तेवढ्याने कमी होते. जुळला नाही तर फार खाली येते. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात हा आकडा २० टक्क्यांच्याही खाली गेला होता. त्यातही फ्लूच्या एच१एन१ या प्रकारावर लस बऱ्यापैकी चालते, एच३एन२ या प्रकारावर कमी. गोवराची लस जशी एकदा घेतली की बहुतेकांना आयुष्यभर पुरते, तशी ही नाही. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते ओसरू लागतं. सहा महिन्यांनंतर त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते, जुलै ते सप्टेंबर. दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्च. युरोप-अमेरिकेत मात्र फ्लू हिवाळ्यातला, म्हणून तिथे लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देतात. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांनी तेच कॅलेंडर जसंच्या तसं उचललंय. तुम्हाला डिसेंबरमध्ये दिलेली लस ऑगस्टपर्यंत आठ महिन्यांची जुनी झाली होती, आणि ऑगस्टमध्ये फिरणारा विषाणू त्या लशीत होता की नाही, हाही प्रश्नच. आपल्या भागात स्टाफला लस द्यायची खरी वेळ म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे, आणि तीही दक्षिण गोलार्धासाठी ठरवलेली त्या वर्षीची नवी लस. मी ती मे महिन्यात संपवायचा प्रयत्न करते. नोव्हेंबरची लस अगदीच निरुपयोगी नाही, जानेवारी-मार्चच्या लाटेला ती उपयोगी पडते. पण वर्षातली मोठी लाट उलटून गेल्यावर पगार कापण्याची धमकी द्यायची म्हणजे वरातीमागून घोडं.

मग तुम्ही ती घ्यावी का? घ्यावी. याच महिन्यात. तुमच्या जागी माझी बहीण असती तरी हेच सांगितलं असतं. एनआयसीयूतल्या बाळांना फ्लूची लस देताच येत नाही, कारण ती सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू होते. त्या बाळांचं संरक्षण दोनच वाटांनी होतं. आईने गरोदरपणात लस घेतली असेल तर तिच्याकडून आलेली प्रतिपिंडं, आणि भोवतालच्या माणसांनी विषाणू आत न आणणं. दुसरं असं की तुम्ही स्वतःही धोक्यात असता. इन्क्युबेटरपाशी वाकून, नळी बदलताना, सक्शन करताना तुमचा चेहरा बाळापासून वीतभर अंतरावर असतो, आणि रडवेली, कधीकधी स्वतःच तापलेली आई शेजारी उभी असते. ४० ते ६० टक्के संरक्षण ऐकायला कमी वाटतं, पण दंडातल्या एका इंजेक्शनाच्या मोबदल्यात ते मला नेहमीच परवडतं.

'लशीनेच फ्लू होतो' ही भीती मनात असेल तर काढून टाका. इंजेक्शनाच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कसकस वाटेल, तेवढंच. नाकातून देण्याच्या लशीत मात्र दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. २०१० मध्ये पुण्यात तयार झालेली स्वाइन फ्लूची लस त्या प्रकारातली होती, आणि बऱ्याच जणांची गल्लत तिथूनच सुरू झाली. गिलियन-बारे सिंड्रोमचं, म्हणजे नसांवर परिणाम होऊन अशक्तपणा येण्याचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखात सुमारे एकाला तो झाला आणि ती मोहीम थांबवावी लागली. आताच्या लशींमध्ये हा धोका असलाच तर दहा लाखांत एखाद-दुसरा इतका आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतरही हा आजार होऊ शकतो. आधीच्या डोसला गंभीर ॲलर्जी आली असेल, किंवा डोसनंतर सहा आठवड्यांच्या आत गिलियन-बारे झाला असेल, तर मात्र लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि तसं लेखी घ्या. अंड्याची साधी ॲलर्जी आता आड येत नाही.

आता दुसरा, अवघड प्रश्न. सक्ती.

एखाद्याला दुसऱ्याच्या भल्यासाठी काही टोचायला भाग पाडायचं, तर त्या दुसऱ्याचं भलं खरंच होतं आणि पुरेसं होतं, हे दाखवायची जबाबदारी भाग पाडणाऱ्याची असते. फ्लूच्या बाबतीत हा पुरावा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच तोकडा आहे. सक्तीच्या बाजूने नेहमी ज्या अभ्यासांचं नाव घेतलं जातं, त्यांतला एक ग्लासगोचा, २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीची २० रुग्णालयं घेतली. निम्म्यांमध्ये कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, तिथे सुमारे ५१ टक्क्यांनी घेतली. उरलेल्यांमध्ये जेमतेम ५ टक्के. रुग्णांमधले मृत्यू पहिल्या गटात १३.६ टक्के, दुसऱ्यात २२.४. हा फरक बघून कोणीही म्हणेल की आता वाद संपला. पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या फ्लूच्या तपासण्याही केल्या होत्या, आणि फ्लू सापडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, ५.४ आणि ६.७ टक्के. फ्लू कमी झाला नसेल तर कर्मचाऱ्यांच्या फ्लूच्या लशीने मृत्यू एवढे कमी झाले, असं कसं म्हणायचं? दोन्हीकडचे रुग्ण मुळातच सारखे नव्हते, हा खुलासा मला जास्त पटतो.

२०१७ मध्ये कॅनडातल्या गास्तों द सेर आणि सहकाऱ्यांनी असे चार अभ्यास उलगडून तपासले. आठ कर्मचाऱ्यांना लस दिली की एका रुग्णाचा जीव वाचतो, असा हिशेब त्यातल्या एका अभ्यासावरून निघत होता. तो खरा मानला तर अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमधल्या कर्मचाऱ्यांना लस देऊन जितके मृत्यू टळायला हवेत, तितके मृत्यू तिथे सगळ्या देशात मिळूनही फ्लूने होत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या हिशेबात एक मृत्यू टाळायला ६,००० ते ३२,००० कर्मचाऱ्यांना लस द्यावी लागते. म्हणजे फायदा बहुधा आहे, पण लहान आहे. विनंती करायला, फुकट द्यायला, गळ घालायला तेवढा फायदा पुष्कळ झाला. कुणाची रोजीरोटी अडवायला तो पुरेसा आहे असं मला वाटत नाही.

सक्तीने लसीकरणाचा टक्का वाढतो, यात मात्र शंका नाही. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ च्या हंगामापासून ती केली आणि प्रमाण ५४ वरून ९७ टक्क्यांच्या पुढे गेलं. सेंट लुईसच्या बीजेसी हेल्थकेअरने २००८ मध्ये सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांवर केली, ९८.४ टक्के झालं, आठ जणांची नोकरी गेली. व्यवस्थापनाच्या बैठकीत हे आकडे फार आवडतात, कारण टक्का तक्त्यात दाखवता येतो. पण रुग्णांमधला फ्लू कमी झाला का, या प्रश्नाला त्या टक्क्यात उत्तर नसतं. न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर सक्ती आणली, तर कर्मचारी कोर्टात गेले आणि त्याच सुमारास लशीचाच तुटवडा पडला. ऑक्टोबरमध्ये आदेश स्थगित ठेवावा लागला. ज्यांना हवी त्यांनाच पुरेशी नाही, आणि नको म्हणणाऱ्यांवर कारवाई, अशी विचित्र अवस्था झाली होती.

तुमचा मास्कचा प्रश्न याच ओघात येतो. कॅनडात 'लस घ्या नाहीतर हंगामभर मास्क लावा' असा नियम बऱ्याच ठिकाणी होता. ब्रिटिश कोलंबियात २०१२ पासून तो लागू झाला आणि लसीकरण चाळिशीच्या आसपास होतं ते सत्तरीच्या पुढे गेलं. ऑन्टारिओत मात्र नर्सेसच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि २०१५ मध्ये एका, २०१८ मध्ये दुसऱ्या लवादाने तो नियम रद्द ठरवला. लस घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना फ्लू होऊ शकतो आणि त्यांच्याकडून पसरूही शकतो, मग मास्क फक्त लस न घेतलेल्यांनाच का? पुढे २०१९ मध्ये ब्रिटिश कोलंबियानेही सक्ती सोडली. मला लवादांचा मुद्दा पटतो, आणि त्यातून मी उलटा निष्कर्ष काढते: एनआयसीयूत लाटेच्या दिवसांत मास्क सगळ्यांनी लावावा, लस घेतलेल्यांनीसुद्धा. तेव्हा 'लशीऐवजी मास्क' असा सौदा तुम्हीही मागू नका. मास्क कपाळावर चिकटवलेल्या शिक्क्यासारखा होता कामा नये.

'मग हेपॅटायटिस बी ची लस कशी चालते?' असं मला अनेकदा विचारतात. तिचं गणितच निराळं आहे. तीन डोस, त्यानंतर वर्षानुवर्षं संरक्षण, आणि सुई टोचल्यावर जीवघेणा संसर्ग होण्याची शक्यता थेट त्या कर्मचाऱ्यालाच. ती घेतल्याशिवाय मी कुणाला सुईपाशी जाऊ देत नाही. फ्लूची लस दरवर्षी नव्याने टोचावी लागते आणि तिचा भरवसा दरवर्षी बदलतो. दोन्हींना एकच काठी लावता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मी वकील नाही. जेकब पुलियेल खटल्यात २ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घटनेच्या कलम २१ खाली स्वतःच्या शरीरावर व्यक्तीचा हक्क आहे आणि कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, ती प्रमाणात असली पाहिजेत, असंही त्याच निकालात आहे. तो खटला कोविडच्या लशीचा होता. खासगी रुग्णालयाने एनआयसीयूच्या नर्ससाठी फ्लूची अट घालावी का, हा प्रश्न तिथे नव्हता. म्हणून नुसत्या त्या निकालावर हवाला ठेवून पत्रकाला नकार देऊ नका. नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघा आणि पगार खरंच अडवला तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

इथवरचं सांगायचं तर: लस चांगली आहे पण अर्धवट, दुसऱ्यांना तिचा फायदा होतो पण थोडा, आणि तुमच्याकडे ती चुकीच्या महिन्यात देताहेत. आता सक्ती योग्य की अयोग्य हे बऱ्याच अंशी रुग्णालयाने स्वतः आधी काय केलंय त्यावर ठरतं, आणि तुमचं पत्रक मला तिथेच सगळ्यात जास्त खटकतं.

लस न घेणारे सगळे विरोधकच असतात, हा गैरसमज आहे. माझ्या अनुभवात त्यातले बहुतेक कंटाळलेले किंवा अडलेले असतात. लसीकरणाचं टेबल ओपीडीत सकाळी दहाला लागतं. नाइट ड्युटीची सिस्टर आठला हँडओव्हर देऊन सुटते. ती रात्रभर जागलेली बाई इंजेक्शनासाठी दोन तास थांबेल का? आम्ही टेबल बंद केलं आणि लशीचा डबा वॉर्डात न्यायला लागलो. आइसपॅक थोडे घामेजू द्यायचे, म्हणजे लस गोठत नाही, मग सिरिंजेस आत लावायच्या आणि साडेसातला नर्सिंग स्टेशनवर हजर व्हायचं. येणारी आणि जाणारी, दोन्ही शिफ्ट एकाच वेळी भेटतात. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसायचं असतं, त्यात हँडओव्हर उरकतो. अशाच एका सकाळी वॉर्डातल्या सफाईच्या मावशी बादली बाजूला ठेवून विचारत्या झाल्या, "मॅडम, हे आमच्यासाठी पण आहे, का फक्त सिस्टर लोकांना?" त्या कंत्राटदाराच्या माणूस होत्या, त्यामुळे आमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. दिवसभर प्रत्येक खाटेखाली त्याच वाकतात. त्यानंतर यादी पगाराच्या रजिस्टरवरून करायची आम्ही बंद केली, वॉर्डात जो पाय ठेवतो तो यादीत.

तुमच्या पत्रकात कंत्राटी माणसांचा उल्लेखच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग ते पत्रक बाळांच्या काळजीने काढलंय असं कसं मानायचं? बाजारात या लशीला दीड-दोन हजार रुपये पडतात. हा खर्च रुग्णालयाचा असला पाहिजे, त्यावर चर्चाही नको. आपल्या राज्य सरकारने २०१५ पासून गरोदर महिला, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी अशा जोखमीच्या गटांसाठी ही लस द्यायला सुरुवात केली, तीही मोफत आणि ऐच्छिक. पैसेही घ्यायचे आणि सक्तीही करायची, हे मला कुठल्याच न्यायात बसवता येत नाही.

आणि आजारपणाची रजा. हा मुद्दा सगळ्यात मोठा असून सगळ्यात कमी बोलला जातो. अमेरिकेतल्या एका पाहणीत २०१४-१५ च्या हंगामात फ्लूसारखा आजार झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ४१ टक्के लोक आजारी असतानाच कामावर आले होते. आपल्याकडे हे मोजायचीही गरज नाही, क्रोसिन घेऊन ड्युटीवर आलेली सिस्टर प्रत्येक वॉर्डात दिसते. रजा मागितली तर मेट्रन विचारते, "बदली कोण देणार?" तापलेल्या नर्सला पूर्ण पगारी तीन-चार दिवस घरी बसू दिलं, तर तिच्यापासूनचा फ्लू वॉर्डात येतच नाही, मग तिने लस घेतलेली असो वा नसो. जे रुग्णालय ही रजा देत नाही आणि लशीसाठी मात्र पगार अडवतं, ते आपली जबाबदारी नर्सच्या दंडावर ढकलतं.

मग मी सक्तीच्या सरसकट विरोधात आहे का? नाही. एनआयसीयू, केमोथेरपीचा वॉर्ड, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, अशा मोजक्या जागांवर नेमणुकीची अट म्हणून मी ती मान्य करते. अट अशी, की मोफत आणि वेळेवर देऊ केलेली लस कुणाला नकोच असेल, तर हंगामापुरती त्याच पगारावर, त्याच ग्रेडवर दुसऱ्या वॉर्डात बदली. पगार कापणं नाही, मेमो नाही, गोपनीय अहवालात शेरा नाही. तिथल्या रुग्णाला स्वतःचा बचाव करता येत नाही, म्हणून थोड्या फायद्यासाठीही तेवढं मागणं मला रास्त वाटतं. रेकॉर्ड रूममधल्या क्लार्कवर किंवा किचनमधल्या स्वयंपाक्यावर तीच अट लादायला मात्र मला काही कारण दिसत नाही. माझ्याच क्षेत्रातले काही सहकारी म्हणतील की एवढं बारीक वर्गीकरण चालवता येत नाही, सगळ्यांना एकच नियम सोपा पडतो. सोपा पडतो हे खरं, पण तो रुग्णालयाला सोपा पडतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, लस घ्या आणि पत्रकाला लेखी उत्तर द्या. दोन्ही करता येतं. लस घेतलेल्या नर्सने, शक्यतो वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून सह्या करून, दिलेलं पत्र 'लसविरोधी' म्हणून बाजूला टाकता येत नाही. पत्रात इतकंच मागा: पैसे परत करा, कंत्राटी कर्मचाऱ्यांना आमच्याबरोबर द्या, तापाच्या दिवसांची पगारी रजा द्या, नकार देणाऱ्याची बिनपगारीऐवजी बदली करा, आणि पुढच्या वर्षापासून लस मे महिन्यात द्या. पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

डोस घेताना कार्डावर तारीख, लशीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. आता नोव्हेंबरमध्ये घेतलेला डोस मार्चपर्यंत कामाला येईल. मे अखेरीस सहा महिने झालेले असतील, तेव्हा त्या वर्षीची दक्षिण गोलार्धाची लस घ्यायला हरकत नाही, आणि तिथून पुढे दरवर्षी मेच धरा. वॉर्डातल्या बाळांच्या आयांनाही सांगा: पुढच्या गरोदरपणात चौथ्या महिन्यानंतर ही लस मागून घ्यायची, जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करायची.